सुपरमार्केटवाले सप्लायरचा ‘परफॉर्मन्स स्कोअर’ कसा काढतात आणि चांगला स्कोअर आला तर नक्की मिळतं काय?

तुम्ही लिहिलंय की सांगलीजवळ तुमचा चटण्या आणि मसाल्यांचा छोटा कारखाना आहे, एका सुपरमार्केट चेनने माल घ्यायची तयारी दाखवलीये, आणि त्यांच्या ॲग्रीमेंटमध्ये परफॉर्मन्स स्कोअर, पेनल्टी, इन्सेंटिव्ह असे तीन क्लॉज आहेत, ते नक्की काय आणि सही करावी का. मी आधी एका रिटेल चेनच्या खरेदी विभागात होतो आणि आता एका फूड कंपनीकडून अशाच चेन्सना माल पाठवायचं काम बघतो, त्यामुळे घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा दोघांचाही हिशोब जवळून पाहिलाय. माझं मत आधीच सांगतो, स्कोअर किती टक्के हवा यावर वाद घालू नका, तो मोजणार कसा हे सहीच्या आधी लिहून घ्या, कारण माल तोच, गाडी तीच, फक्त मोजायची रीत बदलली की तुमचे ९६ टक्के ४० वर येतात.

कसं ते बघा. समजा महिन्यात पाच ऑर्डर आल्या, प्रत्येकी २०० बॉक्सची, एकूण १००० बॉक्स. तीन ऑर्डर तुम्ही पूर्ण दिल्या, दोन ऑर्डरमध्ये प्रत्येकी २० बॉक्स कमी पडले, म्हणजे ९६० बॉक्स पोचले. याला फिल रेट म्हणतात, तो झाला ९६ टक्के, मस्त आहे. आता त्या तीन पूर्ण ऑर्डरपैकी एक गाडी एक दिवस उशिरा लागली. चेन जर ‘ओटिफ’ मोजत असेल, म्हणजे ऑर्डर वेळेवर पण हवी आणि पूर्ण पण हवी, तर पाचातल्या दोनच ऑर्डर पास झाल्या, ४० टक्के. आणि तेच ओटिफ ऑर्डरवर न मोजता बॉक्सवर मोजलं तर उशिरा आलेले २०० बॉक्स वजा जाऊन ७६० राहतात, ७६ टक्के. एकच महिना आणि तीन आकडे, तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ॲग्रीमेंटमध्ये नुसतं ‘ओटिफ ९० टक्के’ लिहिलेलं असतं आणि नवीन माणूस म्हणतो की ठीक आहे, आपण दहातले नऊ बॉक्स तर देतोच.

ही ओटिफची पद्धत जगभर गाजली ती वॉलमार्टमुळे. त्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेत नियम काढला की माल ठरलेल्या मुदतीत आणि पूर्ण आला नाही तर जितका माल चुकला त्याच्या किमतीच्या ३ टक्के कापणार, आणि त्यात लवकर आलेला माल पण चूकच धरला, कारण वेअरहाऊसमध्ये त्या दिवशी त्याला जागा ठेवलेली नसते. २०२० मध्ये तर किती ओटिफ हवं याची पातळी ९८ टक्क्यांवर नेली. आपल्याकडच्या चेन्स टक्केवारी वेगळी ठेवतात पण विचार तोच आहे, आणि खरेदी विभागात बसल्यावर तो पटतो सुद्धा, कारण रॅक रिकामा दिसला की गिऱ्हाईक दुसऱ्या ब्रँडचं पाकीट उचलतं किंवा दुसऱ्या दुकानात जातं, आणि ते नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.

आता ‘वेळेवर’ म्हणजे काय, खरे वांधे इथेच होतात. समजा तुमची गाडी रात्री सांगलीहून निघून सकाळी भिवंडीच्या गोडाऊनला पोचली, सकाळी ११ चा स्लॉट होता, गाडी ९ लाच गेटवर उभी, पण आत डॉक, म्हणजे माल उतरवायची जागा, रिकामा नाही म्हणून नंबर संध्याकाळी लागला, माल मोजायला दुसरा दिवस उजाडला, आणि सिस्टीममध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, पडली दुसऱ्या दिवसाच्या तारखेची. चेन जर जीआरएनची तारीख धरत असेल तर तुम्ही लेट. म्हणून ॲग्रीमेंटमध्ये ‘गेट एंट्रीची वेळ धरली जाईल’ हे एक वाक्य टाकून घ्या आणि ड्रायव्हरला पक्कं सांगून ठेवा की बिलाच्या कॉपीवर गेटचा शिक्का, तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय हलायचं नाही, वर त्याचा फोटो तिथूनच व्हॉट्सॲप करायचा. आमच्याकडे या एका फोटोवर कित्येक डेबिट नोटा, म्हणजे बिलातून पैसे कापल्याच्या नोटा, परत फिरल्यात. फोटो नसेल तर दोन महिन्यांनी तुम्ही कितीही भांडा, समोरचा सिस्टीम उघडतो आणि तारीख दाखवतो, विषय संपला.

तसंच ‘पूर्ण’ कशाच्या तुलनेत पूर्ण, हे पण बघा. पीओ, म्हणजे चेनची लेखी खरेदी ऑर्डर, आला की बहुतेक छोटे उद्योजक आनंदात ॲक्सेप्ट करून टाकतात आणि मग जमेल तेवढा माल पाठवतात. असं करू नका. ५०० बॉक्सचा पीओ आला आणि मिरचीचा लॉट यायचा बाकी असल्यामुळे तुमच्याकडे ४०० च तयार असतील तर त्याच दिवशी मेल टाकून पीओ ४०० चा करून मागा, बहुतेक चेन्स करून देतात, मग ४०० पैकी ४०० दिले की १०० टक्के. न बदलता ४०० पाठवले तर ८० टक्के. मात्र सुधारलेल्या पीओवर मोजणार की मूळ पीओवर हे विचारून घ्या, काही ठिकाणी मूळच धरतात, आणि तसं असेल तर ४८ तासांत ऑर्डर कमी करायची मुभा लिहून मागा. दुसरं म्हणजे त्यांच्याकडून अंदाज मागा, पुढच्या आठ आठवड्यांत साधारण किती लागेल, दिवाळीला किती, ऑफर लावणार असाल तर किती दिवस आधी सांगणार. बायरने, म्हणजे चेनच्या खरेदी विभागातल्या माणसाने, शनिवारी अचानक एकावर एक फ्री लावायचं ठरवलं आणि सोमवारी तिप्पट पीओ टाकला तर कुठलाही छोटा कारखाना आपटणारच, आणि तो दोष तुमच्या नावावर पडता कामा नये, नेहमीच्या सरासरीच्या दीडपट वरची ऑर्डर स्कोअरमध्ये धरणार नाही असं लिहून घेता येतं, मागितलं तर मिळतं.

चटणीच्या बाबतीत शेल्फ लाइफ हा मोठा मुद्दा आहे. बऱ्याच चेन्सची अट असते की माल घेताना त्याचं दोन तृतीयांश आयुष्य शिल्लक पाहिजे. तुमच्या लसणाच्या चटणीची मुदत चार महिने म्हणजे १२० दिवस धरली, तर ती बनल्यापासून ४० दिवसांच्या आत त्यांच्या डॉकवर पोचायला हवी, नाहीतर गेटवरूनच परत, भाडं तुमच्या माथी. ऑनलाइन आणि क्विक कॉमर्सला माल देणार असाल तर अजून एक, एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने, २०२४ च्या शेवटी ई-कॉमर्सवाल्यांना सांगितलंय की गिऱ्हाईकाच्या हातात पडताना ३० टक्के किंवा किमान ४५ दिवस मुदत शिल्लक हवी, त्यामुळे ते लोक पण पुरवठादाराकडून ताजाच माल मागतात. बारकोड स्कॅन न होणं, बिलावरची एमआरपी आणि पाकिटावरची एमआरपी न जुळणं, बाहेरच्या बॉक्सवर बॅच नंबर नसणं, हे सगळं पण स्कोअरमध्ये जातं, पण हे सांभाळणं सोपं आहे, पॅकिंगला एक माणूस नीट नेमला की झालं.

आता बक्षिसाकडे येतो. स्कोअर चांगला आला म्हणून कोणी चेक पाठवत नाही. मोठ्या चेन्स वर्षातून एकदा सप्लायर मीट घेतात, ट्रॉफी देतात, फोटो काढतात, छान वाटतं, पण खरा फायदा दुसरीकडे असतो. नवीन २० दुकानं उघडली की त्यात आधी कोणाचा माल लावायचा, रॅकवर दोन पाकिटांची जागा की सहाची, नवीन फ्लेवर काढला तर तो पटकन लिस्ट करायचा, म्हणजे विक्रीला घ्यायचा, की सहा महिने ताटकळत ठेवायचा, चेनच्या स्वतःच्या ब्रँडचा मसाला कोणाकडून बनवून घ्यायचा, हे ठरवताना बायर सगळ्यात आधी फिल रेटचं शीट उघडतो. मी खरेदीत होतो तेव्हा रोज हेच करत होतो. ज्याचा माल बिनबोभाट येतो त्याला हलवायची कोणाला इच्छा नसते, अगदी दुसरा चार आणे स्वस्त देत असला तरी. काही ठिकाणी चांगल्या सप्लायरचा माल प्रत्येक बॉक्स उघडून मोजत नाहीत, दोन-चार बॉक्स बघून गाडी मोकळी करतात, म्हणजे तुमची गाडी त्याच दिवशी रिकामी होऊन परतीचं भाडं धरू शकते, हा पैसा हिशोबात धरा, बराच असतो.

पण तुमच्या ॲग्रीमेंटमधला ‘इन्सेंटिव्ह’ हा शब्द परत एकदा नीट वाचा. बहुतेक वेळा तो तुम्हाला मिळणारा नसतोच, तुम्ही द्यायचा असतो! म्हणजे वर्षात अमुक लाखांच्या वर खरेदी झाली तर तुम्ही चेनला एक टक्का जादा द्यायचा, त्याच्या वर गेली तर दोन टक्के. याला बॅक मार्जिन म्हणतात, शिवाय लिस्टिंग फी, डिस्प्लेचे पैसे, खराब मालाचा ठरावीक टक्का, हे सगळं बिलातून वजा होतं. सगळे टक्के एका कागदावर मांडून बेरीज करा, आणि तरीही परवडत असेल तरच पुढे जा.

माझ्या मते छोट्या उद्योगासाठी सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे लवकर पेमेंट. डीमार्टचं नाव बाजारात याच कारणासाठी घेतलं जातं, २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान सुरू केल्यापासून त्यांचा भर कमी किमतीवर राहिलाय आणि पुरवठादाराला पैसे लवकर द्यायचे, बदल्यात भाव चांगला घ्यायचा, अशी त्यांची रीत सांगितली जाते. याच्या उलट पैसे अडकवून ठेवण्याचे प्रकारही मोठ्या कंपन्यांत घडलेत, ब्रिटनमध्ये तर किराणा साखळ्यांवर लक्ष ठेवायला २०१३ च्या कायद्याने वेगळा अधिकारी नेमला गेला आणि २०१६ च्या जानेवारीत त्याच कार्यालयाने टेस्कोबद्दल निष्कर्ष काढला की स्वतःचे नफ्याचे आकडे सांभाळण्यासाठी कंपनीने पुरवठादारांचे पैसे उशिरा दिले.

आपल्याकडे किराणा चेन्ससाठी वेगळा असा अधिकारी नाही, पण २००६ चा एमएसएमई कायदा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा कायदा, आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी करायची असते, तीन महिन्यांनी ‘माल खराब होता’ म्हणून पेमेंटची मुदत पुढे ढकलता येत नाही. आणि २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून असं झालंय की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये वजा मिळत नाही, यामुळे मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले आता स्वतःहून उद्यम सर्टिफिकेट मागतात. तुमचं नसेल तर आजच काढा, ऑनलाइन फुकट होतं, आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. ॲग्रीमेंटमध्ये ६० किंवा ९० दिवस लिहिलेलं असेल तर ते ४५ करून मागायला अजिबात लाजू नका, कायदाच तुमच्या बाजूने आहे.

तर सही करा, पण त्याआधी बायरला एक मेल टाका आणि त्यात एवढंच विचारा: स्कोअर बॉक्सवर की ऑर्डरवर, तारीख गेटची की जीआरएनची, पीओ मूळ की सुधारलेला, पेनल्टी फक्त चुकलेल्या मालावर की सगळ्या बिलावर, आणि पहिले तीन महिने पेनल्टी माफ कराल का. शेवटचं बऱ्याच जणांना मिळतं, फक्त मागावं लागतं. फोनवर काही ठरलं तरी ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ म्हणून मेलवर घ्या, कारण बायर दर वर्ष-दीड वर्षाने बदलतो आणि नवीन आलेला मेलच बघतो. उत्तर आलं आणि त्यातलं काही कळलं नाही तर इथेच कमेंटमध्ये टाका, कंपनीचं नाव काढून टाका फक्त, मी बघून सांगतो.