ई-मेलने तक्रार केली, पुढे काय?

प्रश्न : दुकानातल्या चोरीची तक्रार पोलीस ठाण्याला ई-मेल केली. आठवडा झाला, गुन्हा नोंदलेला नाही. काय करू?

उत्तर : बहुतेक सही राहिली असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ई-मेलने तक्रार चालते, पण तीन दिवसांत सही केल्यावरच ती नोंदीवर येते. ही अट फार जणांना माहीतच नसते! आता लेखी तक्रार स्वतः द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत मोफत मिळते. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवा. तिथेही दाद न लागल्यास कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सोबत प्रतिज्ञापत्र हवेच. टपालाची पावतीही जोडा.