राजकीय व्यंगचित्र वाचायला शिकताना

सुरुवातीला व्यंगचित्र कोणाच्या बाजूचे आहे हा प्रश्न बाजूला ठेवावा. आधी प्रसिद्धीची तारीख आणि डोळ्यांना दिसते तेवढेच लिहून काढावे. अबू अब्राहम यांचे डिसेंबर १९७५ मधील, म्हणजे ऐन आणीबाणीतले चित्र घ्या. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आंघोळीच्या टबात बसले आहेत, अर्धवट उघड्या दारातून सही केलेला कागद बाहेर देत आहेत आणि आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, असे म्हणत आहेत. टब ही अतिशयोक्ती झाली. पण माझ्या मते खरा प्रहार त्या दारात आहे, कारण कागदाला आंघोळ आटोपेपर्यंतही थांबवले जात नाही आणि त्यामुळे सही विचार न करता झाली हे एकाही आरोपाविना वाचकाच्या गळी उतरते.

अतिशयोक्ती, प्रतीक, उपरोध अशी नावे चिकटवून थांबणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक; त्या युक्तीने वाचकाला नेमके काय पटवले, हे लिहावेच लागते. दुसरी चूक म्हणजे चित्र आवडले की त्यातले म्हणणेही खरे मानणे.

रेषेच्या शैलीचा अभ्यास सध्या राहू द्या. रोज एकच चित्र घ्या आणि त्यावर चार ओळी लिहा. नजर नक्की तयार होईल.