हिस्टरी घेताना तो प्रश्न टाळू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला. दुसरीतला मुलगा, काल जमलेली बेरीज आज पार विसरतो, शिक्षा केली तरी पाच मिनिटात परत तेच करतो, बाई म्हणतात हट्टी आहे. तू हिस्टरी, म्हणजे त्याची आधीची सगळी माहिती, छान घेतलीयस, जन्माचं वजन, फिट, कावीळ सगळं आहे, पण आईने गरोदरपणात दारू घेतली होती का हे कुठेच नाही. आपल्याकडे हे विचारायलाच लाज वाटते आणि त्यात पोराचं नुकसान होतं.

१९६८ ला फ्रान्समध्ये डॉ. पॉल लेमोइन यांनी दारू पिणाऱ्या आईवडिलांच्या १२७ मुलांबद्दल लिहिलं, तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही, मग १९७३ ला सिएटलच्या जोन्स आणि स्मिथनी लॅन्सेटमध्ये छापलं, पोटात असताना दारूमुळे बाळाचं जे नुकसान होतं त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव तिथून आलं. दारू वारेतून (प्लासेंटातून) सरळ बाळात जाते आणि बाळाचं लिव्हर कच्चं असतं, त्याला ती पचवता येत नाही. मग वाढ खुंटते, उंची, वजन, डोक्याचा घेर मागे राहतो.

पुस्तकात फोटो बघितलेच असशील, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खोबण सपाट, डोळे छोटे. पण चेहरा नॉर्मल दिसला म्हणून सोडून देऊ नकोस हं, बहुतेक मुलांचा चेहरा नॉर्मलच असतो! चेहरा सुरुवातीच्या आठवड्यांत घडतो, मेंदू मात्र नऊ महिने घडत असतो. असं केलं की तसं होतं ही सांगडच या मुलांना नीट बसत नाही, म्हणून शिक्षेचा उपयोग होत नाही. बाईंना सांग, एका वेळी एकच सूचना, रोज त्याच क्रमाने, आणि विसरला तर न चिडता परत.

आता विचारायचं कसं. सासूसमोर तर अजिबात नाही. आईला एकटीला बसव आणि म्हण, दिवस गेलेत हे कळायच्या आधी कधी बिअर, वाईन, मोहाची, काही घेणं झालं होतं का? घरची मोहाची काय आणि महागडी रेड वाईन काय, बाळाला दोन्ही सारखंच, आणि इतकी चालते असं सेफ प्रमाण कोणालाच माहीत नाही. ती हो म्हणाली तर चेहऱ्यावर काही आणू नकोस प्लीज, तिला बहुतेक कोणी कधी सांगितलेलंच नसतं. पुढच्या वेळी दिवस गेले तर कुठल्याही महिन्यात थांबवलं तरी फायदा आहे, हे मात्र नक्की सांग.

शुक्रवारी येताना त्याच्या जन्माच्या कार्डाचा फोटो आण, डोक्याचा घेर लिहिलेला असेल तर फार बरं, आणि गणिताची वही पण.