दोघांचाही ‘बी’ आहे, मग लग्न करायचं की नाही?

“मॅडम, आमच्या दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे. मूल नीट होईल ना?”

मानसीने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. शेजारी केदार, आणि दोघांच्या मधल्या पिशवीत लग्नपत्रिकांचे तीन नमुने. दादरचा हॉल ठरलेला, ॲडव्हान्स भरलेला. (नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही.)

लालबागला भारतमाताच्या सिग्नलपासून थोडं आत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी समुपदेशनाला बसते. लग्नाआधी येणारी जोडपी पगार, सासू, जागा या विषयांवर बोलतात. मुंबईत जागा तर आधी. पण रक्तगटाचा प्रश्नही फिरून फिरून येतो, आणि तो चांगली शिकलेली मुलं विचारतात. मानसी बँकेत आहे, केदार इंजिनिअर.

उत्तर सोपं आहे. नवराबायकोचा रक्तगट एकच असला तर मुलाला काहीही होत नाही. गट मुळात चारच: ए, बी, एबी आणि ओ. जोडप्यांची कशीही सरमिसळ केली तरी निदान चारांतल्या एका जोडप्याचा गट सारखा निघणारच. आपल्याकडे तर ओ आणि बी यांचीच गर्दी आहे. हे धोक्याचं असतं तर चाळीतल्या प्रत्येक मजल्यावर त्याचा पुरावा दिसला असता.

मुलांना ते पटलं. अडचण मुलांची नव्हतीच. मानसीची आई अडून बसली होती. पत्रिकेत गुण जमत होते, पण नाडी एक. नाडीचे आठच्या आठ गुण गेले. त्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी पाठवलं की आपल्या ऋषिमुनींना रक्तगट ठाऊक होते, एकनाड म्हणजेच एक रक्तगट, म्हणून तर लग्न निषिद्ध. ठाण्याच्या मावशीने त्याला दुजोरा दिला. आणि रिपोर्ट आले तर खरोखरच दोघांचा बी! आईचे हातपाय गळाले.

मी म्हटलं, आईबाबांना घेऊन या.

पहिल्या भेटीत मी चूक केली, ती सांगायला हवी. मी आईला शिकवायला बसले. रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीवरची एक खूण, ती आईबापांकडून येते. नाडी ठरते जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात होता त्यावरून. 27 नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली, म्हणजे कुठल्याही दोन पत्रिका उचलल्या तरी एकनाड निघायची शक्यता तीनात एक. चंद्र साधारण रोज एक नक्षत्र ओलांडतो. मानसी दोन दिवस उशिरा जन्मली असती तर तिची नाडी बदलली असती, रक्तगट काही बदलला नसता. माणसाचे रक्तगट असतात हेच मुळी कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली मांडलं, त्यांना 1930 मध्ये नोबेल मिळालं. एवढ्यावर थांबावं की नाही? मी परळच्या केईएम हॉस्पिटलवरही घसरले. 1952 साली तिथल्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट जगापुढे आणला. ओ गटाच्या पेशींवरही जो एच नावाचा पदार्थ असतो तोही या लोकांत नसतो, त्यामुळे त्यांना ओ रक्तसुद्धा चालत नाही. त्याला अजून ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’च म्हणतात, शहराचं नाव बदललं, त्याचं राहिलं. असलं काही सांगायला मला भारी आवडतं.

आई शांतपणे ऐकत होत्या. मान हलवत होत्या. निघताना “छान समजावलंत” असंही म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलवाल्याला फोन करून ॲडव्हान्स परत मिळेल का, असं विचारलं.

मानसी फोनवर रडत होती. मी मात्र स्वतःवर चिडले होते. इतकी वर्षं हे काम करून एवढं कळायला हवं होतं की बाई मान हलवते तेव्हा तिला पटलेलंच असतं असं नाही. चहा घेऊन पाहुण्यांसमोर मान हलवायची सवयच असते आपल्याकडे.

दुसऱ्या भेटीला मी आई आणि बाबांना एकटं बोलावलं. या वेळी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, “ताई, रक्तगट एक असला की मूल राहत नाही, हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं?”

त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. ते बेस्टमधून निवृत्त झालेले ड्रायव्हर, कमी बोलणारे. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

मग हळूहळू निघालं. मानसी 1995 सालची, कोकणात माहेरी झाली. सगळं नीट. तीन वर्षांनी दुसऱ्या वेळी सासू आजारी म्हणून बाळंतपण पुन्हा माहेरीच. मुलगा झाला. जन्मला तोच फिकट, संध्याकाळपर्यंत पिवळा पडत गेला, दुसऱ्या दिवशी गेला. तिथे कोणीतरी “तुमचं रक्त जुळलं नाही” एवढं म्हणालं. पुढे काही विचारायची त्यांना शुद्ध नव्हती आणि घरात दुसरं कोणी विचारलं नाही. महिन्याभराने सासूने दोघांच्या पत्रिका कोणाला तरी दाखवल्या. लग्नाच्या वेळी त्या बघितल्याच नव्हत्या. एकनाड निघाली. कोणीतरी रक्तगट विचारला. ह्यांचाही बी, हिचाही बी. झालं. ‘रक्त जुळलं नाही’चा अर्थ घराला सापडला. त्यानंतर दोघांनी मूल होऊ दिलं नाही.

“सासूबाई गेल्या त्या वर्षीपर्यंत म्हणायच्या, पत्रिका बघून केली असती तर माझा नातू असता.” हे त्या इतक्या सपाट आवाजात म्हणाल्या की मला पुढचं वाक्य सुचेना.

जन्मताच फिकट, पहिल्याच दिवशी कावीळ, पहिलं मूल ठणठणीत आणि दुसरं असं. मी डॉक्टर नाही, पण हे वर्णन इतक्यांदा कानावर पडलंय की मी विचारलं, “तुमचा बी कोणता? पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?”

“ते काय माहीत? बी.”

बाबांच्या लायसन्सवर बी पॉझिटिव्ह होतं. आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं, ती फाइल घरी होती. संध्याकाळी मानसीने पानाचा फोटो पाठवला. बी निगेटिव्ह.

घरात पंचवीस वर्षं सगळे अक्षर लक्षात ठेवून होते, आणि त्याच्या पुढचं चिन्ह कोणी वाचलंच नव्हतं.

मी त्यांना माझ्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं आणि स्वतः सोबत गेले. त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. तांबड्या पेशीवर ‘आरएच-डी’ नावाची आणखी एक खूण असली तर पॉझिटिव्ह, नसली तर निगेटिव्ह. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला तर मूल पॉझिटिव्ह होऊ शकतं. पहिल्या बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं आणि ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तोवर पहिलं बाळ बाहेर आलेलं असतं, म्हणून बहुतेक वेळा ते सुटतं. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असेल तर तीच प्रतिपिंडं वारेतून जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणून फिकेपणा, म्हणून कावीळ. यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन 1968 पासून जगात मिळतं. सातव्या महिन्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत एक. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना गट सांगून विचारायचं.

“तुमच्या बाळाचे कागद नाहीत, त्यामुळे मी शपथेवर सांगणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “पण तुम्ही सांगता ते याच्याशी जुळतं. आणि मानसी स्वतः पॉझिटिव्ह आहे. तिच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही, नवरा कुठल्याही गटाचा असो. ती निगेटिव्ह असती तरी लग्न मोडायचं काही कारण नव्हतं, फक्त लक्ष ठेवावं लागलं असतं.”

इतका वेळ गप्प बसलेले बाबा म्हणाले, “म्हणजे एका इंजेक्शनची गोष्ट होती?”

खोलीत कोणी बोललं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण गैरसमज दूर झाला की माणूस हलका होतो असं आपण धरून चालतो. आईंच्या डोक्यावरून पत्रिकेचं ओझं उतरलं हे खरं. पण त्याच क्षणी त्यांना कळलं की ते मूल कदाचित वाचलं असतं. एकनाड निदान नशिबाची गोष्ट होती, तिच्यावर रागावता येत नव्हतं. पुढच्या तीन भेटी लग्नावर झाल्याच नाहीत, त्या मुलावर झाल्या. त्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं. बाबा एका भेटीत म्हणाले की आपण तेव्हा ड्युटीवर होतो, पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. बायकोने हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मानसी आणि केदारला मी एक काम लावलं: थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. लग्नाआधी रक्त तपासायचंच असेल तर या प्रश्नासाठी तपासा, असं मी प्रत्येक जोडप्याला सांगते. हिमोग्लोबिन ए-टू किती आहे ते बघतात. दोघेही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसते वाहक, असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे खरोखर आजारी, असण्याची शक्यता 25 टक्के, आणि मेजर मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. मायनर माणसाला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळतही नाही. मूळ विदर्भातलं किंवा आदिवासी पट्ट्यातलं कुटुंब असेल तर सिकलसेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचंही बघायला सांगते.

केदार मायनर निघाला. लहानपणापासून ‘रक्त कमी’ म्हणून त्याला लोहाची टॉनिकं पाजली होती, त्याचा उलगडा झाला. दोन दिवस दोन्ही घरांत गोंधळ. मानसीचा रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा तो निवळला: एकच जण मायनर असेल तर मूल फार तर मायनर होईल, मेजर नाही.

आणि ती ठाण्याची मावशी! रक्तगट एक म्हणजे बहीणभावाचं लग्न, असं तिचं म्हणणं. तिने स्वतःच्या मुलाला सख्ख्या मामाची मुलगी केली आहे. रक्तगट एक असल्याने दोन माणसं नात्यातली होत नाहीत. मी आणि रस्त्यावरचा वडेवाला दोघेही ओ आहोत. पण मामेबहीण ही खरोखर एकाच आजीआजोबांची नात असते, आणि एखादा दडलेला दोष दोघांकडेही असण्याची शक्यता तिथे वाढते. जन्मजात व्यंगाचा धोका अशा लग्नात साधारण दुप्पट धरतात. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकटच होतात, मावशीचा नातूही मस्त आहे. पण डॉक्टरांशी आधी बोलून घ्यायचं लग्न कुठलं असेल तर ते हे, आणि तिथे कोणी हूं की चूं केलं नव्हतं. मी हे मावशीला सांगितलं नाही. झालेल्या लग्नात विष कशाला कालवायचं?

मानसीचं लग्न ठरल्या तारखेला झालं. आदल्या आठवड्यात आईंनी नाडीदोषाची शांत करून घेतली. केदार थोडा वैतागला होता. मी म्हटलं, करू दे. गुरुजींनी दक्षिणा घेतली, आईंना शांत झोप लागली, कोणाचं काही बिघडलं नाही.

मध्यंतरी दुपारी आईंचा फोन आला. मला वाटलं, मानसीचं काही असेल.

“मॅडम, आमच्या मजल्यावरची एक सून आहे, सातवा लागलाय. ओ निगेटिव्ह आहे. नवऱ्याचाही विचारला मी, पॉझिटिव्ह. त्या इंजेक्शनचं नाव काय म्हणाल्या होत्या डॉक्टर?”

मी सांगितलं.

“थांबा, पेन घेते,” त्या म्हणाल्या.