‘दोऱ्याचे पैसे देऊ’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं

ताई, काल रात्री तुमची पोस्ट वाचली आणि माझी झोपच उडाली. मोठ्या जाऊबाई जुन्या साड्यांच्या दोन बॅगा तुमच्या हॉलमध्ये ठेवून गेल्या, पुतणीच्या लग्नात मानपानाला सहा गोधड्या हव्यात, आणि निघताना म्हणाल्या, "साड्या आमच्याच आहेत, दोऱ्याचे पैसे देऊ." नेमकं हेच वाक्य मी गेली सतरा वर्षं ऐकतेय. चुलतसासूबाईंकडून, शेजारणीकडून, मुलाच्या शाळेतल्या बाईंकडूनसुद्धा. कुणाच्याही मनात वाईट नसतं. साडी दिली म्हणजे गोधडी जवळजवळ दिलीच, असं त्यांना मनापासून वाटतं.

शिवायचं कसं ते तुम्हाला येतंच, त्यामुळे त्यात शिरत नाही. माझं माहेर वाईकडचं, आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. हात आईचा, आता राहते पुण्यात.

आधी एक हिशेब मांडते, कारण मला तो मांडायला दहा वर्षं लागली. पाच बाय सात फुटांची गोधडी घ्या. दोन ओळींत पाऊण इंचाचं अंतर, म्हणजे अंगठ्याएवढं. कडेनं आत फिरत शिवा नाहीतर सरळ ओळी घाला, धावदोरा भरतो 560 फूट. इंचाला तीन टाके धरले तरी वीस हजार टाके. पाच पदरांतून, म्हणजे एकावर एक घातलेल्या साड्यांच्या पाच थरांतून, माझी सुई तासाला बारा फूट जाते, त्याहून जास्त नाही. सत्तेचाळीस तास तिथेच गेले. काठ उसवणं, विरलेला भाग कापून टाकणं, जोड देणं, जमिनीवर अंथरून कच्चे टाके घालणं, याचे आणखी आठ तरी. पंचावन्न तास, म्हणजे आठ तासांचे सात दिवस. रोजगार हमीवर माती उचलणाऱ्या बाईला 2024-25 मध्ये आपल्या राज्यात दिवसाला 297 रुपये होते. त्या दरानंसुद्धा नुसती मजुरी दोन हजारांच्या वर जाते. तुमच्या सहा गोधड्या म्हणजे बेचाळीस दिवस, ताई. हा आकडा कागदावर लिहून काढा. जाऊबाईंना दाखवायचा की नाही ते नंतर ठरवा, आधी स्वतःला दाखवा.

आता माझी चूक सांगते. भाव कमी सांगितला ही चूक नव्हती. मी भाव सांगितलाच नाही. "तुम्हाला वाटेल ते द्या," असं म्हणायचे. लहानपणापासून कानावर पडलेलं वाक्य, तोंडातून आपोआप निघायचं. पैसे मागताना जीभ जड व्हायची आणि हे बोललं की सुटका झाल्यासारखं वाटायचं.

2022 सालची गोष्ट. एका संस्थेनं कार्यक्रमातल्या पाहुण्यांना भेट म्हणून बाळाची तीस दुपटी मागितली. संस्थेचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तीन बाय तीन फूट, तीन पदरी, मऊ सुती साड्यांची. माणसं शिकलेली, बोलणं गोड. किती घ्याल म्हणून विचारलं आणि मी म्हणाले, "तुम्ही समजून द्या हो." मुदत दोन महिन्यांची. एकटीच्यानं होणार नव्हतं, म्हणून आमच्याच इमारतीतल्या दोघींना बरोबर घेतलं आणि त्यांना मात्र दर नक्की सांगितला, दुपट्यामागे 350 रुपये. वीस त्यांनी शिवली, दहा मी. एका दुपट्याला नऊ तास लागायचे. रात्री अंगुस्तान काढलं की बोटाचं टोक पांढरं, चिंबलेलं असायचं, आणि सकाळी पोळ्या लाटताना दुखायचं.

कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ आणि पाकीट. टाळ्या झाल्या, फोटो झाला, आईला फोनवर पाठवला. रिक्षात बसल्यावर पाकीट उघडलं. आत 5,100 रुपये.

दोघींना द्यायचे होते सात हजार.

ते त्याच रात्री दिले, घरखर्चातून. मग तीन आठवडे त्या कार्यालयाचे उंबरे झिजवले. पहिल्या टेबलावर विचारलं, वर्क ऑर्डर कुठाय? दुसऱ्यावर, कोटेशन दिलं होतं का? तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी जीएसटी नंबर मागितला, नसेल तर बिल घेता येणार नाही म्हणाले. शेवटी ज्यांनी दुपटी मागितली होती त्याच बाई भेटल्या. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हीच तर म्हणालात समजून द्या. आम्ही मानधन दिलं की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. वर्ष-दीड वर्ष मी सुई हातात धरली नाही. पैशापेक्षा हे मला फार लागलं.

(त्या जीएसटीबद्दल, कुणाला उपयोग होईल म्हणून. मी सीए नाही, तुमच्या ओळखीच्या सीएला विचारूनच काय ते ठरवा. पण राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची नाही. गिऱ्हाइकाच्याच साड्यांची नुसती शिलाई घेत असाल तर ती सेवा धरली जाते आणि मर्यादा 20 लाख. आपण दोन्हीच्या जवळपासही नसतो. तेव्हा नंबर नाही म्हणून पैसे अडवले तर घाबरून परत फिरू नका, मी फिरले होते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. नोंदणी असली की लेखी करार करून दिलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणं घेणाऱ्यावर बंधनकारक आहे, करार नसेल तर 15 दिवसांत. माझी नोंदणी तेव्हा नव्हती.)

आता घरच्यांचं. माझं मत थोडं कडक आहे, आणि तुमचं एकत्र कुटुंब आहे, माझं नाही, हे लक्षात ठेवूनच वाचा. गोधडी एकतर पूर्ण भेट असावी, नाहीतर पूर्ण दामाची. "घरातली म्हणून पाचशे दे" हा मधला भाव कधीही काढू नका. भेट दिली तर ती आपल्या मनानं दिलेली असते, नाव राहतं. पाचशे घेतले की समोरच्याला वाटतं पैसे फिटले, आणि वर कानावर येतं की घरच्यांकडूनसुद्धा पैसे घेते. दोन्हीकडून नुकसान आपलंच. पाचशेचा भाव एकदा कुणाच्या तोंडी गेला की तो सगळ्या नात्यात फिरतो आणि मग तोच तुमचा भाव ठरतो.

मी वर्षाला एकच गोधडी भेट देते. कुणाला, ते मी ठरवते, मागणारा नाही. घरात पहिलं बाळ आलं तर दुपटं देतेच, ते या मोजणीत धरत नाही. बाकी कुणी विचारलं की एवढंच म्हणते, "यंदाची झाली. हवी असेल तर शिलाई साडेतीन हजार, निम्मे आधी, मार्चनंतर मिळेल." कारणं देत नाही. आपण म्हटलं पाठ दुखते, की ते म्हणतात सावकाश कर. वेळ नाही म्हटलं, की लग्नाला अजून चार महिने आहेत. कारण दिलं की समोरचा ते सोडवायलाच बसतो.

ऑनलाइन जयपुरी रजई आठशेला मिळते, हेही ऐकाल. मिळते, आणि चांगली असते, उबदार असते, छापही सुरेख असतो. मी सरळ सांगते, ती घ्या. तिच्यात कापूस असतो, आजीची साडी नसते. ज्याला आजीची साडी अंगावर हवी असते तो रजईचा भाव काढत नाही, हा माझा अनुभव आहे. सगळ्यांना लागू होईल असं नाही म्हणत.

दर एका वहीत लिहा आणि मागणाऱ्याला फोनवर लेखी पाठवा. माप, पदर किती, शिलाई किती, निम्मे कधी मिळाले. नात्यातल्यालाही. मला आधी हे फार कोरडं वाटायचं. आता वाटतं, पुढचं सगळं कडू होणं यानंच टळतं.

साड्यांबद्दल. जाऊबाईंच्या बॅगा उघडून पाहिल्यात का? बहुतेक निम्म्या सिंथेटिक निघतील. त्या घसरतात, पदर एकमेकांवर ठरत नाहीत, टाका ओढला की चुणी पडते आणि गोधडी घाम टिपत नाही. अशा साड्या मी घेतच नाही. दुसऱ्याच्या साड्या महिनोन्‌महिने ठेवूनही घेऊ नका. माझ्याकडे एकीचं गाठोडं दोन वर्षं पडून होतं, डांबरगोळ्यांच्या वासासकट, आणि त्यातली एक नऊवारी हरवल्याचा आळ आला. मोजून घ्या, बॅगेचा फोटो काढून त्यांना पाठवा.

तुमच्या जागी मी असते तर या रविवारी दोन्ही बॅगा स्वतः उचलून त्यांच्या घरी नेल्या असत्या. फोनवर नाही, आणि नवऱ्याकडून निरोप तर मुळीच नाही, तो निरोप वाटेत मऊ होतो. त्यांच्यासमोर साड्या मोजून द्यायच्या आणि म्हणायचं, "वहिनी, सहा माझ्यानं होत नाहीत. पुतणीसाठी एक शिवते, माझ्याकडून." ती एक मात्र मनापासून शिवा, कारण त्या मुलीचं यात काहीच चुकलेलं नाही. तिच्या आजीची एखादी सुती साडी तेवढी मागून घ्या आणि वरच्या पदराला लावा. लाल किंवा गडद निळी असेल तर आधी रात्रभर वेगळ्या बादलीत भिजत घाला. पाणी रंगलं तर ती साडी आतल्या पदरालाही लावू नका, पहिल्याच धुण्यात सगळ्या गोधडीला तो रंग लागतो.