परदेशात वायफाय लागतं ते कुणाच्या भरवशावर?

प्रश्न: मी पुण्यात पीएचडी करते, आमच्या संस्थेत एज्युरोम आहे, म्हणजे एकाच लॉगिनवर जगभरच्या विद्यापीठांत चालणारं वायफाय. मध्यंतरी कॉन्फरन्ससाठी नेदरलँड्सला युट्रेख्तला गेले होते, तिथल्या कॅम्पसवर फोन बाहेर काढला तर वायफाय आधीच लागलेलं! फोनला कसं कळलं की पुण्याला विचारायचं? मैत्रिणीचं मात्र तिकडे लागलंच नाही, इथे तर रोज लागतं. आणि एअरपोर्टवर दोन-तीन प्रोव्हायडर असले तर फोन कुणामार्फत जायचं हे कसं ठरवतो?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आधी मैत्रिणीचं लॉगिन बघा, बहुतेक नुसतं युजरनेम टाकलेलं असणार, म्हणजे @ आणि त्यापुढचं संस्थेचं डोमेन नाही. बऱ्याच ठिकाणी घरच्या कॅम्पसवर तेवढ्यावर भागतं, पण बाहेर गेलं की सगळी मदार त्या @ च्या पुढच्या भागावरच असते. तुमच्या फोनने पुणे वगैरे काही शोधलं नाही, त्याने एज्युरोम हे नाव दिसल्यावर फक्त आपली ओळख पुढे केली. युट्रेख्तच्या सर्व्हरने बघितलं की हे डोमेन आपलं नाही, म्हणून ती ओळख गेली डच राष्ट्रीय सर्व्हरकडे, तिथून शेवटी डॉट इन दिसलं म्हणून वरच्या जागतिक सर्व्हरकडे, मग भारतात एज्युरोम सांभाळणाऱ्या अर्नेटकडे आणि तिथून तुमच्या संस्थेत. पासवर्ड तपासला तो पुण्यातच, आणि तोही बंद बोगद्यातून, म्हणजे सांकेतिक रूपात गेला त्यामुळे मधल्या कुणालाच दिसला नाही. परत आलं ते फक्त हो किंवा नाही. मला ही रचना फार आवडते, यजमान विद्यापीठ तुमचा पासवर्ड न बघता तुम्हाला पाहुणा म्हणून घेतं.

एज्युरोममध्ये वाट ठरलेली असते आणि पैशाचाही प्रश्न नाही. पण तुम्ही विचारलेल्या एअरपोर्टवर तुमचं खातं असलेल्या एकाच घरच्या प्रोव्हायडरपर्यंत दोन मध्यस्थ कंपन्यांमार्फत जाता येतं, दर वेगळे असू शकतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. २००६ मध्ये यावर एक उपाय आला होता, ॲक्सेस पॉइंटने ओळख विचारतानाच आपल्या मध्यस्थांची यादी पाठवायची आणि फोनने त्यातला एक निवडून नाव नव्याने लिहायचं, आधी घरचं डोमेन, मग उद्गारचिन्ह, मग युजरनेम आणि @ नंतर मध्यस्थ. पण यादी एका छोट्या संदेशात बसवायची आणि ती येते लॉगिनच्या आधी, म्हणजे मधेच कुणी बदलली तरी फोनला कळत नाही, त्यामुळे तिला नुसती सूचना मानायची असंच ठरलं होतं.

पुढे २०११ च्या ८०२.११यू या वायफाय मानकाने हे काम जोडण्याआधीवर आणलं, पासपॉइंट म्हणजे आपोआप जोडलं जाणारं रोमिंग वायफाय त्यावरच चालतं. फोन न जोडताच विचारतो की तुमच्याकडे कुठले रोमिंग गट चालतात, कुठली डोमेन, कुठल्या सिम कंपन्या, आणि स्वतःच्या प्रोफाइलशी, म्हणजे घरच्या प्रोव्हायडरने फोनमध्ये घालून दिलेल्या सेटिंगशी, ताडून बघतो. घरचा प्रोव्हायडर थेट सापडला तर तो आधी, नाहीतर रोमिंग भागीदार, आणि भागीदार अनेक असले तर प्रोफाइलमध्ये घरच्या कंपनीने लावून दिलेला पसंतीक्रम. म्हणजे निवड फोन करतो खरी, पण नियम बहुतेक घरच्या प्रोव्हायडरचेच, आणि प्रोफाइल नीट नसेल तर फोनला ताडून बघायला काहीच नसतं.

म्हणून कळकळीने सांगते, एज्युरोम हाताने टाइप करून सेट करू नका, संस्थेने दिलेला इन्स्टॉलर किंवा गेटएज्युरोम ॲप वापरा. कारण एज्युरोम नावाचा राउटर कुणीही कॅफेत लावू शकतो, आणि तो खोटा आहे हे फोनला कळतं ते फक्त संस्थेच्या सर्टिफिकेटवरून, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्रावरून. जुन्या अँड्रॉइडमध्ये सर्टिफिकेट तपासू नका असा पर्याय यायचा आणि सिनियर मंडळी तोच निवडायला सांगायची, तसं केलेलं असेल तर नेटवर्क फरगेट करून परत सेट करा, मैत्रिणीलाही पूर्ण लॉगिनसकट हेच करायला सांगा, आणि निघायच्या आधी इथेच करा कारण प्रोफाइल उतरवायला नेट लागतं.