गावच्या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरला डेटाबेस (माहिती साठवणारा प्रोग्राम) म्हणून मायएसक्यूएल पुरेल, की पोस्टग्रेस शिकण्यात वेळ घालवावा?

पोस्टग्रेस शिका. वेळ वाया जाणार नाही.

खरं तर एवढंच लिहून थांबणार होतो, पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "मित्र म्हणतात पोस्टग्रेस कटकटी आहे, जरा काही झालं की एरर देतं. मायएसक्यूएल मुकाट घेतं." अगदी हेच मी पूर्वी माझ्या वरिष्ठांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्या 'मुकाट घेण्या'पायी एका बाईंची नोकरी जायची वेळ आली होती. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

२०१४ च्या आसपासची गोष्ट. मी सांगलीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं काम आमच्याकडे होतं: सभासद, ठेवी, कर्जखाती, पासबुक छपाई. पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल ५.१. सगळी नावं मराठीत, युनिकोडमध्ये. सभासदांचं टेबल मात्र आधीच्या कुणीतरी इंग्रजी नावं डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं. नावाचा कॉलम व्हारकॅर ६० (जास्तीत जास्त साठ अक्षरांचा) आणि कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत, लॅटिन-१ (इंग्रजी-युरोपीय अक्षरांसाठीची), कारण त्या काळी मायएसक्यूएलचा डीफॉल्ट तोच होता. पानं यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये मांडायची पद्धत), कॉलम लॅटिन-१ मध्ये, मधलं कनेक्शनही लॅटिन-१. जसे बाइट आत जायचे तसेच बाहेर यायचे, त्यामुळे पडद्यावर मराठी व्यवस्थित दिसायचं. कुणाला संशय येण्याचं कारणच नव्हतं.

मग तक्रारी यायला लागल्या. काही सभासदांच्या पासबुकावर आडनावच नाही, त्या जागी एक चौकोन. एक शेतकरी काउंटरवर पासबुक आपटून म्हणाला, "माझं आडनाव कुठं गेलं वो?" एका कर्जदाराचा बोजा चढवायला कागद गेले, तर सातबाऱ्यावरचं नाव आणि कर्जखात्यावरचं नाव जुळेना म्हणून तलाठ्याने ते परत पाठवले. सचिवांनी आमच्या कंपनीला विचारलं. आमच्या साहेबांनी टेबल उघडूनही न बघता उत्तर दिलं, "ऑपरेटर अर्धवट टाइप करून एंटर मारते." झालं. नोंदी करणाऱ्या ताईंना लेखी खुलासा मागितला गेला. त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "सर, मी पूर्ण नाव टाकते, सेव्ह केल्यावर आडनाव जातं." कुणी ऐकून घेतलं नाही.

त्याच सुमारास मी हा डेटा पोस्टग्रेसवर नेऊन बघत होतो, कारण वेगळंच होतं. टेबलं मायआयसॅम इंजिनावर (मायएसक्यूएलच्या साठवणुकीच्या जुन्या पद्धतीवर) होती. भारनियमनात वीज गेली, यूपीएस दमला, की सकाळी 'टेबल क्रॅश्ड' असा संदेश आणि आमचा फोन वाजलेला. रिपेअर टेबल चालवायचं आणि किती नोंदी वाचल्या ते बघायचं. या प्रकाराला मी कंटाळलो होतो.

डेटा फाइलमध्ये काढला, पोस्टग्रेसच्या कॉपी कमांडने भरायला घेतला, आणि ती मधेच थांबली. यूटीएफ-८ साठी अवैध बाइट, अमुक ओळ. साहेब मागेच उभे होते. म्हणाले, "बघ, तुझं पोस्टग्रेस आपला डेटाच घेत नाही. मायएसक्यूएलनं आजवर एकदा तरी तक्रार केली का?"

नव्हती केली. तोच तर सगळा घोळ होता.

पोस्टग्रेस नुसतं 'चुकलं' म्हणून थांबत नाही. ओळीचा क्रमांक देतं, नेमके बाइट दाखवतं. त्या एररमध्ये ई० आणि त्याला लागून ०९ होतं (बाइट असे सोळाच्या पटीतल्या आकड्यांत दाखवतात). ०९ म्हणजे टॅब, म्हणजे कॉलम तिथे संपला. आणि ई० हा देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. इथे पहिलाच बाइट होता, पुढचे दोन नव्हते. कुणीतरी अक्षर मधोमध चिरलं होतं, आणि कीबोर्डवरून कुणालाही एक तृतीयांश 'प' टाइप करता येत नाही.

मग कागदावर मोजलं. लॅटिन-१ च्या कॉलमला एक बाइट म्हणजे एक अक्षर. व्हारकॅर ६० म्हणजे साठ बाइट. उदाहरणादाखल 'ज्ञानेश्वर विठ्ठलराव पाटील' हे नाव घ्या. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरी दिसतो, पण हलन्त आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या की दहा चिन्हं, तीस बाइट. 'विठ्ठलराव' नऊ चिन्हं, सत्तावीस बाइट. दोन जागा सोडलेल्या, त्यांचे दोन. झाले एकोणसाठ. साठावा बाइट 'प'चा पहिला, आणि तिथे कुऱ्हाड. त्याच टेबलात 'रमेश बबन कदम' मात्र बत्तीस बाइटमध्ये आरामात बसतो. म्हणजे जोडाक्षरं आणि मात्रा जास्त त्याचं आडनाव जायचं, साध्या नावाचं राहायचं. वरवर बघणाऱ्याला वाटणारच की ऑपरेटर कधी नीट काम करते, कधी करत नाही.

मायएसक्यूएल हे कापताना एक वॉर्निंग नोंदवत होतं, नाही असं नाही. पण 'शो वॉर्निंग्ज' ही कमांड देऊन विचारल्याशिवाय ती दिसत नाही आणि आमचा पीएचपी कोड कधीच विचारत नव्हता. इन्सर्ट यशस्वी, हिरवी पट्टी, 'नोंद जतन झाली'.

मी साहेबांना आणि सचिवांना काउंटरवर घेऊन गेलो. ताईंनी सगळ्यांसमोर पूर्ण नाव टाइप केलं, सेव्ह केलं, तीच नोंद पुन्हा उघडली. आडनाव नाही. सचिवांनी तिथल्या तिथे खुलासा मागे घेतला. साहेब म्हणाले, "मग कॉलम मोठा कर आणि विषय संपव." ताईंची माफी त्यांनी मागितली नाही. कापलेली आडनावं डेटाबेसमध्ये कुठेच उरली नव्हती, ती जुन्या सभासद-अर्जांवरून पुन्हा भरावी लागली. तेही काम ताईंनीच केलं.

साहेबांचा मुद्दा शेवटपर्यंत एकच होता: काउंटरवर रांग असते, डेटाबेसने काम अडवता कामा नये. मला तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. रांग अडली तर पाच मिनिटांत फोन येतो, दहाव्या मिनिटाला कारण सापडतं. नाव मुकाट कापलं गेलं तर ते तलाठ्याच्या टेबलावर उघडकीला येतं, आणि तोवर दोष सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर ढकललेला असतो. जो डेटाबेस चूक लपवतो तो काम चालू ठेवत नाही, काम खराब करत राहतो. पोस्टग्रेसच्या व्हारकॅर ६० मध्ये एकसष्टावं अक्षर घालून बघा. सरळ नकार मिळेल. आणि तिथे साठ म्हणजे साठ चिन्हं, बाइट नव्हेत.

आता तुमच्या वाचनालयाबद्दल. पुस्तकांची आणि सभासदांची यादी मराठी वर्णक्रमाने लावायची असेल तर पोस्टग्रेसचा आणखी एक फायदा आहे. नुसत्या युनिकोड क्रमाने लावलं तर 'ळ' हा 'ल'नंतर लगेच येतो आणि 'काळे' 'कावळे'च्या आधी लागतो. 'क्षीरसागर' 'क'मध्ये जातो. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१७ पासून, आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन (वर्णक्रमाचे नियम) वापरता येतं. त्यात 'ह'नंतर 'ळ', मग 'क्ष', मग 'ज्ञ', आपल्या वर्णमालेप्रमाणे. मायएसक्यूएल ८ मध्ये बऱ्याच भाषांची खास कोलेशनं आहेत, मराठीचं नाही. ग्रंथपालाला हे पहिल्या दिवशी जाणवेल.

हे लिहिल्यावर मायएसक्यूएलवाले तुटून पडतील, आणि त्यांचं काही अंशी बरोबर आहे. मी सांगितलेलं मायएसक्यूएल जुनं आहे. मायआयसॅमऐवजी इनोडीबी हे इंजिन २०१० च्या ५.५ पासून डीफॉल्ट आहे, त्यामुळे वीज गेल्यावर टेबल मोडण्याचा त्रास बराच गेला. २०१५ च्या ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड डीफॉल्ट आहे, त्यामुळे मायएसक्यूएलही लांब नाव आता नाकारतं. ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून, डीफॉल्ट कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ आहे. (नुसतं 'यूटीएफ८' निवडू नका. तिथे त्याचा अर्थ आजवर तीनच बाइटपर्यंतचा, इमोजी आला की अडतं.) पण चेक कन्स्ट्रेंट (कॉलममध्ये काय चालेल याची आपण घातलेली अट) वाचून न वाचल्यासारखी करायची सवय ८.०.१६ पर्यंत, २०१९ पर्यंत होती. आणि जुन्या सॉफ्टवेअरला एरर येतात म्हणून एसक्यूएल मोड रिकामा करून, म्हणजे स्ट्रिक्ट मोड बंद करून ठेवलेले नवे सर्व्हर मी अजून बघतो. औषध आलं, पण लोक बाटली उघडत नाहीत.

पोस्टग्रेसचीही दुखणी आहेत. अपडेट केलेल्या ओळीची जुनी प्रत टेबलातच पडून राहते, ती व्हॅक्यूम या सफाईच्या कमांडने उचलावी लागते. ऑटोव्हॅक्यूम आपोआप चालतं, ते 'सर्व्हर हळू होतो' म्हणून बंद करू नका. प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते, तुमच्या वाचनालयाला त्याने फरक पडणार नाही. मोठी आवृत्ती बदलताना पीजी-अपग्रेड हा प्रोग्राम चालवावा लागतो किंवा डंप-रिस्टोअर (सगळा डेटा फाइलमध्ये काढून पुन्हा भरणं) करावं लागतं. लिनक्सची आवृत्ती बदलताना मात्र जपा: जीलिबसी या तिच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ मध्ये शब्दक्रमाचे नियम बदलले आणि त्यावर बांधलेले मजकुराचे इंडेक्स (शोधासाठीच्या सूच्या) चुकीचे ठरले, तेही एरर न देता. रीइंडेक्स करणं, म्हणजे त्या सूच्या नव्याने बांधणं, हाच उपाय.

बॅकअपबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या संकेतस्थळाच्या चालू सर्व्हरवरचा पोस्टग्रेसचा डेटा चुकून पुसला गेला. रोजचा पीजी-डंप, म्हणजे बॅकअप, जुन्या ९.२ च्या प्रोग्रामने चालत होता आणि सर्व्हर होता ९.६, त्यामुळे तो रोज एरर देऊन थांबत होता. त्या एररच्या मेल कुणापर्यंत पोचतच नव्हत्या. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) सापडला. म्हणजे पोस्टग्रेस ओरडलं तरी ते ऐकायला कुणी असावं लागतं. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून बघा आणि शेवटचं दिलेलं पुस्तक त्यात दिसतंय का ते तपासा.

आणि तुम्ही किंवा हे वाचणारं कुणी जुनं मायएसक्यूएलचं टेबल सांभाळत असाल, तर आजच एक क्वेरी चालवा: नावाच्या कॉलमची जितकी मर्यादा आहे, बरोबर तितकीच कॅर लेंग्थ (अक्षरांची संख्या) असलेल्या ओळी काढा. मर्यादेला तंतोतंत टेकलेली नावं बहुतेक कापलेली असतात. कॉलम लॅटिन-१ असेल तर तो थेट यूटीएफ८एमबी४ करू नका, मराठीचा चुथडा होईल. आधी व्हारबायनरी (नुसते बाइट साठवणारा प्रकार) करा आणि मग बदला. स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर अर्धवट बाइटच्या ओळी त्या वेळी अडतील. अडू द्या, त्या कागदावरून दुरुस्त करा. आणि अशा ओळी निघाल्याच, तर त्या टेबलावर टायपिंग करणाऱ्या माणसाला आधी जाऊन सांगा की चूक त्यांची नव्हती.